मत नसलेली संध्याकाळ

धैर्यशील निगवेकरचं ज्याच्याबद्दल मत नाही असा सिनेमा अजून निघायचा होता. कोल्हापुरात रंगाचं दुकान, पन्नाशी ओलांडलेली, पोट सुटलेलं आणि जीभ त्याहून सुटलेली, असा हा गडी. दिवसभर लोकांच्या भिंतींना कुठला रंग शोभेल ते सांगायचं आणि संध्याकाळी दुकानामागच्या खोलीत डब्यांच्या रांगेपुढं बसून 'मूळ ते मूळ' या आपल्या चॅनेलवर रिमेकची सालटी काढायची, हा त्याचा नेम.

आणि सालटी काढायला रिमेक कमी होते होय? मल्याळममधला हिंदीत, हिंदीतला तेलुगूत, तेलुगूतला फिरून नव्या हिंदीत. दर शुक्रवारी एक तरी जुनी गोष्ट नवे कपडे घालून दारात उभी. "मूळ सिनेमात आई घरात मरते," धैर्यशील कॅमेऱ्याकडं बोट नाचवत म्हणायचा, "रिमेकमधे ती विमानतळावर मरते. का? तर विमानतळ भाड्यानं मिळालाय! मूळ हिरोला दमा होता. ह्यांनी दमा काढला आणि पोटावर जिमच्या घड्या घातल्या. अरे बाबांनो, तो दमा म्हणजेच गोष्ट होती!" लोक पोट धरून हसायचे. रिमेक ओळखायची त्याची एक खास खूण होती, ती म्हणजे इंटरव्हल. मूळ लिहिणाऱ्याला आपली गोष्ट कुठं दम घेते ते पोटातून माहीत असतं. नक्कल करणाऱ्याला ते कळत नाही, तो कुठंही दिवे लावतो. इंटरव्हल बघायचा आणि निकाल द्यायचा, यात धैर्यशील कधी चुकला नव्हता. निदान तो तसं म्हणायचा.

त्याचा जीव की प्राण असलेला सिनेमा म्हणजे 'वस्तीची गाडी'. धरणाचं पाणी चढत आलेल्या गावात मुक्कामाला जाणारी शेवटची एसटी, सकाळी उरलीसुरली माणसं घेऊन ती निघते, आणि वळणावर गाडी थांबवून ड्रायव्हर स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडतो. धैर्यशीलनं हा सिनेमा इतक्यांदा पाहिला होता की झोपेतही संवाद म्हणायचा. यंदा एप्रिलात त्याचा हिंदी रिमेक आला, 'नाइट हॉल्ट'. धैर्यशील तलवार परजूनच थिएटरात गेला. बरोबर बायको होती, सुलक्षणा. लग्नापासून प्रत्येक पहिला खेळ दोघांनी शेजारी बसून पाहिलेला.

बाहेर पडताना थिएटरचा मालक शौकत मुजावर प्रेक्षकांच्या प्रतिक्रिया टिपत उभा होता. शौकत धैर्यशीलचा शाळेपासूनचा दोस्त. त्यानं सहज वहिनींसमोर माइक धरला. सुलक्षणाचे डोळे लाल होते. ती म्हणाली, "मला हा जास्त आवडला. ह्यात त्या बाईला घर झाडून निघता आलं."

एवढंच. आणि धैर्यशीलनं त्या रात्री चॅनेलवर त्या एका वाक्याचं भजं करून तळलं. "आमच्या घरीही समीक्षक आहेत बरं का! त्यांचा निकष सोपा. सिनेमात झाडू पाहिजे. झाडू असला की सिनेमा चांगला. उद्यापासून पुरस्कारही झाडूचाच द्या!" लोकांनी डोक्यावर घेतलं. कुणी सुलक्षणाच्या फोटोला झाडू चिकटवला, कुणी गाणं केलं. आठवड्याभरात ती 'झाडूवहिनी' झाली. भाजी घ्यायला गेली तर पेंडी बांधणारी बाई हसायची, हळदीकुंकवाला गेली तर कुणीतरी खराटा पुढं करायचं.

सुलक्षणा त्याच्याबरोबर सिनेमाला जायची बंद झाली. जेवायला वाढायची, विचारलं तर उत्तर द्यायची, बास. धैर्यशीलच्या शेजारची खुर्ची रिकामी राहायला लागली आणि अंधारात त्याला ती फार टोचायची. "एवढं काय मनावर घ्यायचं? चेष्टा केली," असं तो शौकतला सांगायचा. आपलं खरं आहे हे एकदा सिद्ध झालं की ती हसेल, राग सोडेल आणि पुन्हा शेजारी येऊन बसेल, अशी त्याची पक्की समजूत. आता याला काय म्हणायचं!

सिद्ध करायचं साधन शौकतकडं आलेलंच होतं. लोक त्याला कोरी टोपी म्हणायचे.

ही टोपी काय करते ते रंगवाल्याला समजायला सोपं होतं. आठवण म्हणजे दगडावरची कोरीव अक्षरं नव्हेत, भिंतीवरचा रंग आहे. आपण एखादी गोष्ट आठवली की तो रंग पुन्हा ओला होतो, आणि पुढच्या काही तासांत मेंदू नवी प्रथिनं बनवून त्याला परत वाळवतो. म्हणजे दर वेळी आठवताना माणूस ती आठवण नव्यानं रंगवत असतो. शास्त्रज्ञांना हे उंदरांवरच्या प्रयोगांत फार आधी दिसलं होतं. टोपीनं पुढची पायरी गाठली. ती माणसाला सिनेमाबद्दल बोलतं करते, मेंदूतल्या कुठल्या वाटा उजळतात ते टिपते, आणि त्या ओल्या असतानाच बारीक चुंबकीय ठोके देऊन झाकून टाकते. पुसत नाही, नुसती झाकते. झोप लागली की मेंदू दिवसभराची आवराआवर करतो, त्यात झाकण निघतं आणि सगळं जागेवर येतं. तोवर तुम्ही तुमचा आवडता सिनेमा पुन्हा पहिल्यांदा पाहू शकता. सिनेमावेड्या माणसाला याहून मोठं सुख कुठलं?

धैर्यशीलनं पैज लावली. दोन्ही सिनेमे विसरायचे, एकामागून एक बघायचे, आणि मूळ कुठला ते चॅनेलवर थेट, सगळ्यांदेखत सांगायचं. नटमंडळी दोन्हींकडं अनोळखी होती, शौकतनं दोन्हींचं चित्र सारखं स्वच्छ करून घेतलं, दोन्ही मराठी आवाजात लावले.

"तू पण ये," धैर्यशील घरी म्हणाला. "तू पण टोपी घाल. मग कळेल."

"मला काही विसरायचं नाही," सुलक्षणा म्हणाली आणि कणीक मळत राहिली.

मे महिन्यातल्या एका दुपारी धैर्यशील टोपी घालून बसला. शौकत सूचना वाचून दाखवत होता. "दादा, नीट ऐक. सिनेमाला चिकटलेल्या बाकीच्या आठवणीही झाकल्या जातात. आणि कोऱ्या वेळात जे नवीन घडेल ते उद्या राहीलच असं नाही. जुनं परत येताना वरचं नवं सांडतं. महत्त्वाचं काही असलं तर बोलून रेकॉर्ड करून ठेव."

"हां, हां, पुढं."

"ऐकलंस का?"

"अरे, दोन सिनेमे बघायचेत. त्यात महत्त्वाचं काय घडणार? चालू कर!"

मग त्याला दोन्ही सिनेमांबद्दल बोलायला सांगितलं. दुसरी माणसं दहा मिनिटांत आटपायची. हा तासभर बोलला. वळणावरचा ड्रायव्हर सांगितला, इंटरव्हल सांगितला, 'नाइट हॉल्ट'ची चिरफाड केली, आणि रंगात येऊन झाडूचा विनोदही पुन्हा सगळा करून दाखवला. टोपीनं तेही टिपलं आणि झाकलं.

पहिला सिनेमा त्यानं चांगला पाहिला. ड्रायव्हर रडला तेव्हा तो गप्प होता, पण एकदोनदा घड्याळाकडंही नजर गेली. दुसऱ्यात मात्र तो खुर्चीच्या कडेला येऊन बसला. त्यात एक बाई गाडीत चढत नाही. उलटी घरात जाते, पदर खोचते आणि बुडणारं घर झाडायला घेते. ड्रायव्हरचा हात हॉर्नकडं जातो आणि मागं येतो. ती केर भरून बाहेर टाकते, दाराला कडी घालते, तेव्हा दिवे लागले. इंटरव्हल. धैर्यशीलच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्याला भान नव्हतं.

"हा मूळ!" तो कॅमेऱ्यासमोर ओरडला. "अरे, इंटरव्हल बघा की! असा इंटरव्हल नक्कल करणाऱ्याला सुचतो होय? बुडणारं घर झाडून निघते ती बाई! तिला झाडून निघता आलं!"

शौकतनं घसा खाकरला. "दादा, हा रिमेक."

चॅनेलच्या पडद्यावर लोकांच्या प्रतिक्रियांचा लोंढा आला. धैर्यशील क्षणभर गोंधळला, मग हसला. "असू दे की! चांगला आहे," म्हणाला. वाचवायला मतच नव्हतं, मग राग कशाचा येणार? तो कौतुकानं प्रतिक्रिया वाचायला लागला आणि एके ठिकाणी थांबला. तेच ते पुन्हा पुन्हा येत होतं. दादा, आता झाडूवहिनींचे पाय धरा.

"शौकत, ही झाडूवहिनी कोण रं?"

शौकत वायर गुंडाळायला लागला. "आहे एक बाई. तिला सिनेमातलं हेच आवडलं होतं. नवऱ्यानं चारचौघांत तिची टर उडवली."

"ह्याच्यासाठी?" धैर्यशीलला खरोखरच राग आला. "लाज नाही वाटली त्याला? असला कसला नवरा!"

"चल," शौकत खाली बघत म्हणाला, "तुला घरी सोडतो."

घरी आला तो चप्पल न काढताच स्वयंपाकघरात. खिडकीतून तिरपं ऊन येत होतं, सुलक्षणा आमटीला फोडणी देत होती. तिनं थेट कार्यक्रम पाहिला होता, पण तोंडावर काही दाखवलं नाही.

"सुलक्षणा, एक बाई आहे बघ त्या सिनेमात," लहान मुलासारखा तो सांगायला लागला. "घर बुडणार हे तिला माहीत आहे. तरी सगळं झाडून काढते. कोपरान् कोपरा. आणि गाडी थांबते गं तिच्यासाठी! मी एवढा का रडलो, मलाच कळेना. आणि ऐक, कुणा बाईला हेच आवडलं म्हणून तिच्या नवऱ्यानं तिची चेष्टा केली म्हणे. लोक तिला नावं ठेवतात. शौकत सगळं सांगेना. कोण असेल गं?"

सुलक्षणानं त्याच्याकडं टक लावून पाहिलं. तो उत्तराची वाट बघत होता, डोळ्यांत लबाडी नव्हती. तिनं गॅस बंद केला.

"असेल कुणीतरी," ती म्हणाली. "बसा. आत्ता तुमचं काही मत नाहीये ना, म्हणून सांगते. एरवी तुम्ही आधी बोलता."

तो खाली फरशीवरच बसला. ती समोर बसली.

"आमचं गाव धरणात गेलं हे तुम्हाला माहीत आहे. तेव्हा मी तिसरीत होते. आम्हाला न्यायला एसटी नव्हती आली, ट्रक आले होते. खालच्या आळीत पाणी शिरलेलं. सगळं सामान चढवलं, आणि आई म्हणाली, थांबा, एवढं झाडून घेते. केर ठेवून घर सोडायचं नसतं. तिनं मागचा सोपा झाडला, मधलं घर झाडलं, केर मधोमध गोळा केला. बाहेर ट्रक भुंकल्यासारखे हॉर्न मारत होते. बाबा ओरडत आत आले, तिचा दंड धरून तिला ओढत बाहेर नेलं. केर तसाच. आणि ट्रकमधली माणसं हसायला लागली. म्हणाली, अहो वहिनी, माशांसाठी झाडताय काय?"

धैर्यशील जवळ सरकला.

"त्यावर सगळे हसले. आपलेच लोक. बाबा पण हसले. मी पण हसले हो, सगळे हसतात म्हणून." सुलक्षणानं पदर तोंडाला लावला. "आईनं माझ्याकडं पाहिलं. मग ती नव्या वसाहतीत जिवंत होती तोवर रोज दिवेलागणीला एकदा तरी म्हणायची, केर भरायचा राहिला. तुमच्या त्या पहिल्या सिनेमात ड्रायव्हर रडतो. आम्ही कुठं आहोत त्यात? आम्ही नुसतं खिडकीतून हात हलवतो."

धैर्यशीलनं हळूच विचारलं, "मग तो केर?"

इतक्या वर्षांत हे तिला कुणी विचारलं नव्हतं. ती हमसून हमसून रडली. त्यानं तिचा हात आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवला.

"यंदा पाणी खूप उतरलंय," ती जरा वेळानं म्हणाली. "गाव वर आलंय म्हणतात. घरांची जोती दिसतात."

"मग जाऊ की. उद्याच जाऊ. राहिलेला केर भरून येऊ."

"आता तिथं गाळ असेल."

"गाळ तर गाळ."

ती रडता रडता हसली. थंड झालेली आमटी दोघांनी एकाच ताटात खाल्ली, आणि धैर्यशील जेवणानंतर जो आडवा झाला तो टोपीच्या शिणानं तिथंच झोपून गेला.

सकाळी त्याला जाग आली ती कानशिलं तापलेल्या अवस्थेत. सगळं परत आलं होतं. वळणावरचा ड्रायव्हर आला, त्याचे सगळे संवाद आले, आणि त्यांच्यामागून तो स्वतः आला, डब्यांच्या रांगेपुढं बसलेला, झाडू, झाडू म्हणत स्वतःच्याच विनोदावर हसणारा. काल शौकतला आपण काय बोललो तेवढं मात्र शिल्लक होतं. असला कसला नवरा! त्यानं चादर तोंडावर ओढली. आयुष्यात त्यानं शेकडो लोकांची अब्रू काढली होती, पण आपल्याच तोंडून आपली निघालेली ऐकायची ही पहिलीच वेळ. लाजेनं त्याला उठवेना.

उशाशी फोन थरथरत होता. चाहते विनवत होते, दादा, टोपी बिघडलेली होती म्हणा, आम्ही आहोत पाठीशी. त्यानं फोन पालथा घातला.

मग तो कालची संध्याकाळ आठवायला लागला. सुलक्षणा समोर बसली होती हे आठवलं. तिचा हात हातात होता, ती रडली होती, मग हसली होती. काय सांगत होती? त्यानं डोळे मिटून जोर लावला. तिचे ओठ हलताना दिसत होते, आवाज नव्हता. एकच शब्द हाताला लागला. मासे. का मासे, कुणाचे मासे, काही पत्ता नाही.

"उठलात का?" सुलक्षणा दारात उभी होती. जरीकाठाचं ठेवणीतलं पातळ नेसलेली, हातात भाकरीचं फडकं. कित्येक आठवड्यांत असा चेहरा त्यानं पाहिला नव्हता. "आवरा पटकन. ऊन चढायच्या आत पोचायला हवं."

त्याच वेळी सांगायला हवं होतं. सुलक्षणा, मला आठवत नाही, एवढे चार शब्द. पण तो हसरा चेहरा जाईल या भीतीनं माणूस काय काय करतो! धैर्यशील ताडकन उठला. "हो, हो! आलोच!"

"कुठं निघालोय ते आठवतंय ना?" ती थट्टेनं म्हणाली.

"तर! न आठवायला काय झालं?"

"सांगा बघू."

तो तिच्या तोंडाकडं बघत राहिला. ऊन, भाकरी, पाण्याच्या बाटल्या, कुठंतरी लांब जायचं. आणि हाताशी तो एकच शब्द.

"ते... मासे आणायला," तो हसून म्हणाला.

सुलक्षणाच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. तिच्या चेहऱ्यावरून सगळं उतरत गेलं. ती रागावली नाही, फक्त एखाद्या अनोळखी माणसाकडं बघावं तशी त्याच्याकडं बघत राहिली.

"मासे तर ट्रकमधली माणसं म्हणाली होती," ती म्हणाली.

"कुठल्या ट्रकमधली?"

ती खाटेच्या कडेला बसली. "म्हणजे तुमचं जुनं सगळं आठवलं."

"हो." त्याची मान खाली गेली. "माझं सगळं आठवलं. मी तुझं काय केलं ते सगळं. तू सांगितलेलं तेवढं गेलं. शौकतनं बजावलं होतं, रेकॉर्ड करून ठेव म्हणून. मी ऐकलं नाही. सुलक्षणा, मला फार लाज वाटते गं."

"वाटू दे."

"मी आज चॅनेलवर तुझी माफी मागतो. सगळ्यांसमोर."

"तिथं नका माझं नाव काढू आता. चांगलं पण नको."

तो जमिनीवर तिच्या पायाशी बसला. काल असाच बसला होता हे त्याला ठाऊक नव्हतं. "परत एकदा सांग. मी एक शब्द बोलणार नाही. शपथ."

सुलक्षणानं खरंच विचार केला. नाही म्हणायची घाई तिलाही नव्हती.

"काल सांगितलं ते उभ्या जन्मात पहिल्यांदा सांगितलं," ती शेवटी म्हणाली. "आज सांगायला बसले तर कालच्यासारखं सांगायला बघीन. काल कुठं रडले ते आठवून तिथं रडीन. तसलं तुम्हाला चालत नाही."

"चालेल मला."

"मला नाही चालणार."

ती उठली. भाकरी फडक्यात बांधली, दोन बाटल्यांतली एक काढून ओट्यावर ठेवली आणि पिशवी खांद्याला लावली. "मी येऊ का?" असं त्यानं विचारलं, पण इतक्या खालच्या आवाजात की त्यालाच ते धड ऐकू आलं नाही. ती जिना उतरली. खाली शेजारच्या पाटीलकाकी अंगणात सडा टाकत होत्या.

"कुठं निघालाय सुलक्षणा, एवढ्या सकाळी?"

"माहेरी," सुलक्षणा म्हणाली.

फाटकाची कडी वाजली. धैर्यशील जिन्याच्या वरच्या पायरीवर बाटली हातात घेऊन उभा होता. सुलक्षणाला माहेर उरलेलं नाही, एवढं त्याला माहीत होतं. त्यापुढचं त्याला काल माहीत होतं.